मागे कुणी नाही

लोणच्याच्या पिंपावरचे दगड गाडीच्या डिकीत गेले, तेव्हाच किनुएनं या हिवाळ्याची धास्ती घेतली होती.

दर वर्षी पहिला बर्फ पडायच्या सुमाराला किनुएच्या सासरी, सान्नोहेंच्या घरी, मुळ्याचं लोणचं घातलं जायचं. मुळे अंगणात दोरीवर सुकवायचे, पिंपात तांदळाच्या कोंड्याचे आणि मिठाचे थर लावायचे, वर लाकडी झाकण आणि झाकणावर दगड. दगड किनुएच्या सासूच्या माहेरचे, नदीतले, गुळगुळीत, एकेकाचं वजन रांगत्या पोराएवढं. सासू गेली, दगड राहिले. पण या वसंतात सासऱ्यांची, म्हणजे तोकुझोंची मूत्रपिंडं थकली. डॉक्टरांनी एक दिवसाआड डायलिसिस लावलं आणि मीठ तोडलं. लोणचं बंद झालं आणि दगड रिकामे झाले. तोकुझो म्हणाले, या घरात बसून खाणारा एक माणूस पुरे आहे, दगडांना तरी कामाला लावू.

काम होतं गाडीच्या शेपटावर बसायचं, म्हणजे वजनानं मागची चाकं बर्फाला धरून राहतात.

गाडी तोकुझोंचीच. जन्मभर त्यांनी उत्तर जपानातल्या ओतारु शहराच्या रस्त्यांवरचा बर्फ उपसणारं यंत्र चालवलं. माणूस पायी जाईल एवढ्या वेगानं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जन्माचं उट्टं काढावं तशी ही गाडी घेतली: लांबलचक, पांढरी, चार दारांची, तीन पेडलांची, आणि इंजिन असं की पाय नुसता टेकवला तरी मागून कुणी धपाटा घातल्यासारखं वाटावं. सगळा जोर मागच्या चाकांना. उन्हाळ्यात समुद्राकाठच्या रस्त्यावर ती लोण्यासारखी पळायची. हिवाळ्यात शेडमध्ये आच्छादनाखाली झोपायची, अस्वलासारखी. बर्फावर असली गाडी काढणं म्हणजे मोजे घालून तेलकट फरशीवर नाचणं. पुढची चाकं विचारतात कुठं जायचं, आणि मागची चाकं तोवर निघालेलीसुद्धा असतात.

घरातली खरी हिवाळी गाडी, चारही चाकांनी ओढणारी डबी, मुलगी पहिल्या नोकरीसाठी ओबिहिरोला घेऊन गेली. किनुएचा नवरा यासुफुमी बदलीवर नागोयात, जिथं बर्फ फक्त केकवर दिसतो. नव्या गाडीचं वसंतात बघू, असं तो फोनवर म्हणाला. तोकुझोंनी डोळे अधू झाले म्हणून शरदातच परवाना परत करून टाकला होता. राहिली कोण? किनुए. शाळेच्या स्वयंपाकघरात मुलांसाठी डाळीचं सूप ढवळणारी, वयाची पन्नाशी ओलांडलेली, आणि तरुणपणी कधीतरी तीन पेडलांचा परवाना काढून मग आयुष्यभर आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या चालवलेली.

तसा हा हिवाळा टाळायची एक वाट होती, आणि तीच किनुएला झोपू देत नव्हती. यासुफुमीनं सापोरोला वृद्धांच्या हिवाळी मुक्कामाची एक जागा बघून ठेवली होती. वर खोल्या, खाली डायलिसिसचं केंद्र, लिफ्टनं उतरलं की सुई. तोकुझो एकदा बघून आले. खिडकीतून बर्फ छान दिसतो, म्हणाले, पण तो दुसरंच कुणीतरी काढतं. मग म्हणाले, "तिथं सगळे मार्चची, बर्फ वितळायची वाट बघत बसलेत. सगळ्यांनाच मार्च मिळतो असं नाही."

किनुएनं तिथल्या तिथं सांगून टाकलं होतं, की बाबा घरीच राहतील, मी नेईन. यासुफुमीनं मान्य केलं, पण अट घालून. एक पाळी चुकली किंवा गाडीला एवढासा ओरखडा आला, की बाबा सापोरोला. खोली त्यानं सोडली नव्हती, नुसती थांबवून ठेवली होती. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. पलीकडून प्रश्न यायचा, काय म्हणते गाडी? आणि किनुए सासऱ्यांच्या नोकरीतलं जुनं वाक्य म्हणायची: "सगळं ठीक. सांगण्याजोगं काही नाही."

सांगण्याजोगं रोज असायचं. त्यांची वस्ती म्हणजे बशीचा तळ. बाहेर पडायचं तर देवळाचा चढ चढण्यावाचून दुसरा रस्ता नाही. इस्पितळाची गाडी हिवाळ्यात खाली उतरत नाही, एकदा उतरली होती ती दोरानं काढावी लागली. टॅक्सीवाले म्हणतात, वर येऊन उभे राहा. तोकुझोंचे गुडघे तो चढ चढून वर उभे राहिले असते तर प्रश्नच नव्हता. म्हणून रोज सकाळी तीच परीक्षा. एक दिवस इस्पितळासाठी, मधल्या दिवशी शाळेसाठी. तळाच्या सपाट रस्त्यावर वेग घ्यायचा, दुसऱ्या गिअरमध्ये चढाला भिडायचं आणि मध्ये पाय उचलायचा नाही. उचलला की गाडी थांबते, आणि थांबली की मागची चाकं जागच्या जागी गरागरा फिरत बर्फाचा आरसा करतात. मागे दगड एकमेकांवर आपटत. खटक, खटक. किनुएला वाटायचं सासूबाई डिकीत बसून जिभेनं चुकचुक करतायत.

आणि शेजारच्या सीटवर तोकुझो. हातात काठी, तोंडात उपदेश.

"पाय नको, अंगठा. अंगठ्यानं दाब."

"बाबा, बुटात अंगठा वेगळा करता येत नाही."

"माझा यायचा."

रागावले नसले की ते तिला नुसतं किनुए म्हणत. रागावले की आदराचा 'सान' जोडून 'किनुएसान'. सान लागला की तिनं समजायचं, आपलं शेपूट पुन्हा डावीकडे गेलं.

निघण्याआधी मात्र दोघांची एक पूजा असायची. यंत्रावर असताना तोकुझोंना लागलेली, इथल्या रेल्वेचालकांसारखी सवय: प्रत्येक गोष्टीकडे बोट दाखवायचं, तिचं नाव मोठ्यानं घ्यायचं आणि 'योशी' म्हणायचं, म्हणजे ठीक आहे. नुसतं मनात म्हटलेलं चालत नाही, मन थापा मारतं. बोट, डोळा आणि तोंड तिघांनी साक्ष दिली तरच खरं. "दिवे, योशी. आरसे, योशी. पट्टा, योशी." सगळ्यात शेवटी काठी मागच्या काचेकडे वळायची. "मागे कुणी नाही, योशी." किनुएला सुरुवातीला लाज वाटायची. शेजारच्या ओकिनोबाई बर्फ लोटता लोटता हे ऐकून म्हणायच्या, सान्नोहेंच्या घरी रेल्वे सुरू झाली. पण नंतर तिला त्या शब्दांचा आधार वाटायला लागला, बोटाला धरून कुणी रस्ता ओलांडून द्यावा तसा.

हँडब्रेकचं नाव मात्र त्या पूजेत नव्हतं. हिवाळ्यात इथं कुणी हँडब्रेक ओढत नाही. ओढला की त्याची तार रात्रीत गोठते आणि सकाळी चाकं जागची हलत नाहीत. हे इथल्या पोरांना आईच्या दुधाबरोबर कळतं. दुसऱ्या गाड्यांना काही अडचण नाही, दांडा पार्किंगवर टाकला की झालं. या गाडीला ती सोय नाही. ही उभी करायची तर इंजिन बंद करायचं आणि पहिला गिअर टाकून ठेवायचा, मग बंद इंजिनच चाकं धरून बसतं. किनुएला हे ठाऊक होतं. रोज करायचीच ती.

ती शुक्रवारची सकाळ. आदल्या दिवशी ऊन पडून बर्फ वरवर वितळला होता आणि रात्री थंडीनं तो पुन्हा धरला. अंगणात पाय ठेवताच किनुएला कळलं, की आज रस्ता नाही, काच आहे. ती दारातच थांबली. शाळेचा दिवस असता तर ती बसत, घसरत का होईना पायी गेली असती. पण आज इस्पितळाची पाळी होती, आणि परवापासूनचं पाणी तोकुझोंच्या पायांवर सुजेनं चढलेलं तिला मोज्याच्या वळातून दिसत होतं.

"नको जाऊ या, असं म्हणणार असशील तर म्हणून टाक," तोकुझो बूट चढवत म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं?"

"तोंड म्हणतंय."

पूजा झाली. तळाला वेग घेतला, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढाला भिडली. शेपूट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. किनुएनं श्वास धरला होता आणि अंगठा, तिच्या मते, वेगळा केला होता. अर्धा चढ सरला. आणि समोर, रस्त्याच्या बरोबर मधोमध, ओकिनोबाई.

ओकिनोबाई आपला मामासान-डंप घेऊन रस्ता ओलांडत होत्या. मामासान-डंप म्हणजे दोन्ही हातांनी ढकलायचं रुंद फावडं, त्यावर बर्फाचा ढीग. कानावर लोकरी टोपी ओढलेली, त्यामुळे गाडीचा आवाज नाही. किनुएनं पाय उचलला. दुसरं काय करणार होती? बाई वाचली, गाडी थांबली.

मग पुढं जे होणार होतं ते झालं. पहिला गिअर, चाकं फिरली. दुसरा, चाकं फिरली. रबराचा वास आला. मागच्या चाकांनी स्वतःपुरते दोन खळगे करून घेतले आणि त्यात बसून राहिली. ओकिनोबाई ढिगासकट बाजूला उभ्या राहून वाकून वाकून माफी मागत होत्या.

"वाळू टाक," तोकुझो म्हणाले.

चढाच्या मध्यावर शहरानं वाळूची पेटी ठेवली आहे, ज्याला लागेल त्यानं पिशवी घ्यावी आणि शिंपडावी. किनुए उतरली. उतरताना तिनं सासऱ्यांकडे बघितलं. ते गळपट्टीत हनुवटी खुपसून बसले होते आणि त्यांचे ओठ निळसर दिसत होते. रक्त पातळ झालेल्या माणसाला थंडी आतून लागते. म्हणून तिनं इंजिन चालू ठेवलं, गरम हवा चालू राहावी म्हणून. इंजिन चालू ठेवायचं म्हणजे गिअर काढायला हवा. तिनं तो काढला. हँडब्रेक ओढायचं तिच्या मनातही आलं नाही. हिवाळ्यात येतच नाही. जन्मभर ती हेच करत आली होती: इंजिन चालू, गरम हवा चालू, दांडा पार्किंगवर, आणि टुणकन उतरून सामान आणायचं. हात तेच करून मोकळे झाले. दार लागलं.

आता त्या गाडीला धरून ठेवणारं जगात काहीच नव्हतं. फक्त ते दोन खळगे.

किनुएनं पेटी उघडली, पिशवी काढली. दातांनी गाठ सोडली. उजव्या मागच्या चाकापुढं वाळू टाकली, मग वळसा घालून डाव्या. वाकलेली असतानाच तिला दिसलं, की टायरवरची अक्षरं हळूहळू वर सरकतायत. तिला आधी वाटलं आपल्याला घेरी आली. मग डिकीतून आवाज आला. खटक.

गाडी मागे निघाली होती.

मागे उतार संपतो तिथं मोठा रस्ता नाही, पण वस्तीतली घरं आहेत, आणि पहिल्याच घराशी खोल गटार. हे सगळं किनुएच्या डोक्यात आलं असं म्हणता येणार नाही. डोक्यात एवढंच आलं की बाबा आत आहेत. तिनं पिशवी टाकली, गाडीच्या मागे गेली आणि दोन्ही हात डिकीवर टेकले.

पुढं कितीदा तरी तिनं स्वतःला विचारलं, की तुला वाटलं तरी काय? एवढी मोठी गाडी, वर सासूबाईंचे दगड, आणि तू शाळेतली सूप ढवळणारी. पण त्या वेळी तिनं टाचा रोवल्या, छाती टेकवली आणि ढकललं. टाचा काचेवरून मागे सरकत गेल्या. गाडीच्या मागच्या काचेपलीकडे, आतल्या आरशात, तिला सासऱ्यांचे डोळे दिसले. ते तिच्याकडेच बघत होते.

मग तिनं तो आवाज ऐकला. कट. कट. कट. दात मोजत कुणी कुलूप लावावं तसा. तोकुझो हँडब्रेक ओढत होते. एका झटक्यात नाही, एकेक दात. झटक्यात ओढला असता तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी झाली असती आणि किनुए तिच्याखाली. उजवा हात हँडब्रेकवर, आणि डावा हात लांब करून त्यांनी स्टिअरिंग खाली खेचलं. गाडीचं शेपूट डावीकडे, रस्त्याकडेच्या बर्फाच्या भिंतीकडे वळलं. तिच्या हाताखालून डिकी निघून गेली. ती गुडघ्यांवर आपटली. भिंतीत धप्प झालं, दगड एकदा आपटले आणि गाडी थांबली.

सगळीकडे इतकी शांतता झाली, की गरम हवेचा पंखा बाहेरपर्यंत ऐकू आला.

"किनुएसान," आतून आवाज आला, "गिअर टाक."

तिनं आत बसून गिअर टाकला. माफी मागावी, रडावं, काहीतरी करावं. पण तोकुझो समोर बघत म्हणाले, उशीर झालाय. ओकिनोबाईंनी भिंत फोडली, वाळू टाकली, डाव्या चाकामागं आपलं फावडंसुद्धा अडकवलं. हँडब्रेक ओढलेला ठेवून किनुएनं क्लच सोडत आणला, गाडीनं नाक जरासं उचललं, मग तोकुझोंनी ब्रेक सोडला. दुसऱ्या प्रयत्नाला गाडी वर आली. देवळाशी किनुएनं ती थांबवली. तिथं तिनं उतरून मागे बघितलं. बंपरला हातभर चीर.

इस्पितळापर्यंतच्या वाटेत तिला चिरेची काळजी वाटली. ती काळजी बरी होती, तिला आकार होता. इस्पितळात पोचल्यावर दुसरी आली. तोकुझो डावा हात पोटाशी धरून बसले होते. तोच हात. त्या हातात डॉक्टरांनी शस्त्रक्रियेनं दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या होत्या, त्यातूनच रक्त बाहेर जाऊन धुऊन परत यायचं. त्या हातानं पिशवी उचलायची नाही, घड्याळ बांधायचं नाही, त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही, असं भिंतीवर लिहून ठेवलेलं होतं. आणि त्याच हातानं त्यांनी स्टिअरिंग खेचलं होतं.

तोयोमी नावाच्या परिचारिकेनं बाही वर केली. मनगटावर निळा डाग उठला होता. तिनं बोटं टेकवली. सांधा जिवंत असला की तिथं मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. तोयोमीनं बोटं उचलली, थोडी वर टेकवली. मग गळ्यातली नळी काढून कानाला लावली.

"आजोबा, या हातानं काय केलंत?"

"सुनेचा कान धरला," तोकुझो म्हणाले.

तोयोमी हसली नाही. ती ऐकत राहिली. किनुए भिंतीशी उभी होती, तिच्या बुटांतलं पाणी फरशीवर साचत होतं, आणि ती मनातल्या मनात बोट दाखवून म्हणत होती, हात, योशी. हात, योशी. पण मन थापा मारतं हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आहे," तोयोमी शेवटी म्हणाली. "वाजतंय. पण पुन्हा असे कान धरू नका."

किनुए बाहेर बाकावर येऊन बसली आणि बुटांतलं पाणी निपटायला लागली. बाकावर शेजारी बसलेल्या एका आजींनी न विचारता तिच्या हातात गरम चहाचा डबा ठेवला.

परतीचा रस्ता तोवर वितळून मऊ झाला होता. संध्याकाळी ओकिनोबाई टोपी हातात घेऊन उकडलेले बटाटे घेऊन आल्या. डायलिसिसवाल्याला बटाटा चालत नाही, वर त्यांनी मीठही भुरभुरलं होतं. तोकुझोंनी उठून वाकून ते घेतले आणि त्या गेल्यावर किनुएपुढं सरकवले. खा, म्हणाले, पाप तुझ्याच पोटात जाऊ दे.

तेवढ्यात यासुफुमीचा फोन. काय म्हणते गाडी?

किनुएनं तोंड उघडलं. 'सगळं ठीक' जिभेवर तयार होतं, आणि चीरही जिभेवर होती, दोघंही दारात अडकल्यासारखे. तोकुझोंनी हात पुढं केला. तिनं फोन दिला. हा माणूस आता सगळं सावरून घेईल, असं तिला वाटलं.

"यासुफुमी, ती सापोरोची खोली सोडू नकोस," तोकुझो म्हणाले. "मी जातो."

पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं. तोकुझो एवढंच म्हणत राहिले, की नाही रे, काही झालं नाही, कंटाळा आला. पुढच्या आठवड्यात ये न्यायला. फोन ठेवून ते आपल्या खोलीत गेले. किनुए बटाट्यांपुढं बसून राहिली. एक तिनं खाल्ला. चवच लागली नाही.

सकाळी तिला शाळा नव्हती, पण ती नेहमीच्या वेळी उठून गाडीपाशी गेली. काय करायला, ते तिलाही सांगता आलं नसतं. गाडी चालू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी दोन बोटं सरकून अडली. पुन्हा. पुन्हा अडली. मग तिची नजर दोन सीटांच्या मध्ये गेली. आदल्या संध्याकाळी गाडी लावताना भीतीनं तिच्या हातांनी हँडब्रेक ओढला होता, शेवटच्या दातापर्यंत. आणि तो रात्रीत गोठला होता.

ती घरातून केस वाळवायचं यंत्र आणि लांब वायर घेऊन आली. गाडीच्या मागच्या चाकाशी बर्फावर जुनं पोतं अंथरून आडवी झाली आणि चाकाच्या आत गरम हवा सोडायला लागली. पाय बाहेर, डोकं गाडीखाली. जरा वेळानं तिच्या पायांशी काठी येऊन टेकली.

"सांगितलं होतं," तोकुझो म्हणाले. "हिवाळ्यात ओढायचा नाही."

"काल तुम्हीच ओढलात."

"मी सोडलाही."

यंत्र गुणगुणत राहिलं. चाकावरून एक थेंब पडला तो नेमका तिच्या कानात गेला. गाडीखालून माणसाला बोलायला बरं पडतं, तोंड दिसत नाही.

"बाबा, चूक माझी होती. गिअर काढून उतरले. त्याची शिक्षा तुम्ही का घेताय?"

"गिअरचं कोण बोलतंय?"

"मग चिरेचं? चीर मी तुमच्या लेकाला सांगेन. ओरडू दे."

काठी बर्फात रुतली, उचलली, पुन्हा रुतली.

"काल आरशात तू दिसलीस," तोकुझो म्हणाले. "मागे."

किनुएनं गाडीखाली यंत्र दुसऱ्या हातात घेतलं.

"इतकी वर्षं बर्फाचं यंत्र चालवलं. मागे माणूस उभं असेल तर लोखंड हलवायचं नाही, एवढं एकच मी शिकलोय. आणि काल लोखंडात मी बसलेला आणि मागे घरचंच माणूस. हात टेकून. हसू येईल अशी. बेडकीनं बैल ढकलावा तशी." त्यांनी गळपट्टी घट्ट केली. "मी सापोरोला असलो तर तू मागे उभी राहणार नाहीस."

"मग मी काय करायला हवं होतं? पळून जायला?"

"हो."

"तुम्हाला सोडून?"

"हो. बाजूला उभं राहून बघायचं. म्हातारा आहे, गाडी जुनी आहे. दोघांचं काय व्हायचं ते होऊ दे."

किनुए गाडीखालून बाहेर आली. केसांत बर्फ, गालावर काळं तेल. तिला इतका राग आला होता की थंडी वाजायची थांबली.

"आणि मग त्या चढावर मी कुणाची बडबड ऐकत जाऊ?" ती म्हणाली. "शाळेला तर जायचंच आहे ना मला, याच गाडीनं. तुम्ही सापोरोला खिडकीत बसाल. इथं अंगठा वेगळा कर म्हणून कोण सांगेल? मागे कुणी नाही म्हणून कोण बघेल? मी एकटी गेले ना, तर पहिल्याच दिवशी जाऊन आदळेन. मग तुमच्या लेकाला सांगा कंटाळा आला म्हणून."

तोकुझो तिच्याकडे बघत राहिले. त्यांचे अधू डोळे, त्यांना ती कितीशी दिसत होती कोण जाणे. बहुधा तेलाचा डाग दिसत असावा, कारण त्यांनी गळपट्टीचं टोक पुढं केलं, आणि तिनं त्याला गाल पुसला.

"अट आहे," ते म्हणाले.

"तुमच्या घराण्यात अटीशिवाय कुणी बोलतच नाही."

"गाडी निघाली, तर तू बाजूला. मी आत असो, यासुफुमी असो, देव असो. पुन्हा मागे दिसलीस तर त्याच दिवशी मी सापोरोला. पायी."

"आणि उतरताना हँडब्रेक," ती म्हणाली. "चढावर थांबलो तर ओढायचा. गोठला तर गोठला. हे यंत्र गाडीतच ठेवते."

"वीज कुठून आणशील चढावर?"

"ओकिनोबाईंच्या घरून. त्या आता नाही म्हणायच्या नाहीत."

तोकुझोंच्या छातीतून खोकल्यासारखं काहीतरी आलं. ते हसणं होतं. फोन मात्र त्यांना तिच्याकडूनच करवून घ्यायचा होता. ती म्हणाली, वाकडी जीभ तुमची होती, सरळही तुम्हीच करा. शेवटी दोघांनी मिळून केला. किनुएनं गिअरचं सांगितलं, चीर सांगितली, डिकीवर टेकलेले हातही सांगितले. मग यासुफुमीनं विचारलं की हात दुखावला का. बाबांचा? तिनं विचारलं. तुझा, तो म्हणाला. खोली तो महिनाअखेरपर्यंत तरी सोडणार नव्हता, आणि त्यावर कुणी वाद घातला नाही. मार्च अजून लांब होता.

सोमवारी सकाळी पुन्हा बर्फ पडला होता, पण भुसभुशीत, पिठासारखा. हँडब्रेक सुटलेला होता. किनुएनं तो हलवून बघितला, मग खात्रीसाठी आणखी एकदा. हिवाळ्याची धास्ती अजून होतीच. ती आता वितळेल तर बर्फाबरोबरच. तोकुझो शेजारी बसले, डावा हात गळपट्टीत जपून ठेवलेला. त्यांनी पूजा सुरू केली. दिवे, योशी. आरसे, योशी. पट्टा, योशी. हँडब्रेक, इथं त्यांनी जरा नाक मुरडलं, योशी.

मग काठी मागच्या काचेकडे वळली. या वेळी ते नुसतं म्हणून मोकळे झाले नाहीत. मान वळवून, डोळे बारीक करून त्यांनी बराच वेळ बघितलं. काचेवर पिठासारखा बर्फ होता, पलीकडे काही दिसण्यासारखं नव्हतंच.

"मागे," ते म्हणाले आणि थांबले. "मागे किनुए नाही."

"किनुए इथं पुढं आहे, बाबा," तिनं क्लच दाबला. "योशी."